कुंपणावरच्या ब्लॅकबेरी

लॉरेल फोर्क, केंटकी
२० जून १९७८

ऑर्फा,

नाताळला आणि मयताला एवढंच पत्र लिहिणारा माणूस भर जूनमध्ये लिहितोय, म्हणजे त्याचं काहीतरी अडलंय हे तू ओळखलं असशीलच. अडलंय. तुझी बहीण ब्लॅकबेरीचा तो गोड कॉब्लर तव्यात कसा भाजायची ते मला लिहून कळव. सगळं लिही, मापांसकट. व्हर्जीनं एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही. एक्केचाळीस वर्षं माझा संसार केला, स्वयंपाक केला आणि गेली, मागे कागदाचा चिटोरा नाही. सगळे डबे उघडून बघितले, बायबलसुद्धा झटकून बघितलं.

कशाला हवाय ते विचारशील म्हणून सांगतो. जुलैच्या तिसऱ्या रविवारी चर्चचं गावजेवण आहे. बाहेरगावी गेलेले सगळे त्या दिवशी परत येतात, तशी जोलेटाही येणार आहे असं तिनं डेल्फी कॉम्ब्सला कळवलंय. मला नाही, डेल्फीला. पोटच्या पोरीचा निरोप मला शेजारीण कुंपणावरून ओरडून सांगते.

गेल्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला ती आली होती, पण जेवायला बसलीच नाही. घरभर फिरली, परसात गेली, परत आत आली आणि म्हणाली, "डॅडी, या घरात मम्मीचं आता काहीच उरलेलं नाही. मग मी यायचं कशाला?" तशीच गाडीत बसून सिनसिनाटीला निघून गेली. माझा टर्की तसाच राहिला. त्यानंतर सात महिने झाले, पोरीचं तोंड बघितलेलं नाही.

तेव्हा मला त्या दिवशी टेबलावर तिच्या आईचा कॉब्लर ठेवायचाय. काहीतरी उरलंय हे तिला तिच्या जिभेनं कळू दे. बेरींची काळजी तू करू नकोस, ते माझं मी बघतो.

लवकर लिही.

हॉबर्ट

---

मन्सी, इंडियाना
२५ जून

हॉबर्ट,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग कारखान्यात पाळीला गेले. साखरेचा डबा कुठला हे ज्याला चाळीस वर्षांत कळलं नाही, तो आता कॉब्लर करणार! व्हर्जी असती तर दाराला टेकून मजा बघत उभी राहिली असती.

फोन असता तर तीन मिनिटांत सांगून मोकळी झाले असते. पण तो तू ती गेल्यावर पंधरा दिवसांत काढून टाकलास. का, तर म्हणे "त्यावर बोलायचं कोण?" मी होते की बोलायला. असो.

आता लिहिते ते नीट वाच. तिच्या त्या बिडाच्या खोलगट तव्यात लोण्याची एक कांडी, म्हणजे अर्धा कप, टाकून तवा ओव्हनमध्ये ठेव, साडेतीनशे डिग्रीवर. लोणी वितळेपर्यंत एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध, दीड चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एकत्र कर. हे सरबरीत पीठ गरम लोण्यावर ओत. वरून तीन कप बेरी, अर्धा कप साखरेत घोळवलेल्या. आणि बाबा रे, ढवळायचं नाही. तवा अजिबात ढवळायचा नाही. पीठ आपोआप फुगून बेरींच्या वर येतं आणि तांबूस होतं. पाऊण तास लागतो. दार उघडून मधेमधे डोकवायचं नाही.

बेरी कुंपणावरच्याच घे, धान्यकोठाराकडच्या टोकाच्या. तिथल्या गोड असतात. जाताना घोट्यांना रॉकेल चोळ, नाहीतर गवतातले किडे कमरेपर्यंत फोडून काढतील. काठीनं काटेरी जाळी आधी बडव, साप असतात.

एक विचारते. जोलेटा परसात गेली आणि परत येऊन तसं बोलली. परसात तिनं काय बघितलं? तू ते लिहिलेलं नाहीस. माझं तिचं बोलणं होतं अधूनमधून, पण तुम्हा बापलेकींच्या मधे मी पडत नाही.

ऑर्फा

---

लॉरेल फोर्क
१ जुलै

ऑर्फा,

तुझ्या घराण्याची कीर्ती मला माहीत आहे. कृती मागणाऱ्याला सगळं सांगायचं आणि एक वस्तू गाळायची, म्हणजे त्याचं बिघडेल आणि तुमचं नाव टिकेल. तू काय गाळलंस ते सांगून टाक. मी म्हातारा माणूस आहे, माझ्याशी कसली स्पर्धा?

पहिला कॉब्लर बुधवारी केला. तू लिहिलंस तसंच केलं. फक्त ते पीठ खाली आणि बेरी वर, असं बघून मला राहवेना. कुणीही शहाणा माणूस म्हणेल की हे नीट मिसळलेलं नाही. म्हणून एकदाच चमचा फिरवला. जे बाहेर आलं त्याचा रंग ओल्या सिमेंटचा होता, आणि चवही फार वेगळी नसावी. कोंबड्यांना घातलं. त्यांनी दोन चोची मारल्या आणि गवतात पुसल्या.

दुसरा काल केला. ढवळला नाही, देवाशपथ नाही. पण व्हर्जीच्या एकाही डब्यावर नाव नाही. तिला सगळं ठाऊक होतं, पण मला कुणी सांगायचं? पांढरी पूड दिसली ती दीड चमचा घातली. तो नुसता खाण्याचा सोडा होता. कॉब्लर फुगला छान, पण खाल्ल्यावर तोंडाला साबण लावल्यासारखं झालं. वर बेरीही आंबट ढाण.

बेरी डेल्फीच्या जाळीतल्या आहेत. कुंपणावर यंदा फारसं काही नाही. पाऊस कमी झाला. डेल्फी मला फुकट तोडू देते, पण तिच्या तोंडाची किंमत मोजावी लागते. मी काट्यांत अडकलेला आणि ती ओसरीवर बसून म्हणते, "हॉबर्ट, व्हर्जीनं तुला कधी बादलीसुद्धा धरू दिली नव्हती, ते उगाच नव्हतं हं!" रॉकेल चोळूनही किडे चावलेच. मी सध्या उभ्यानं जेवतो.

पंधरा दिवस राहिले. गाळलेली वस्तू कळव.

हॉबर्ट

---

मन्सी
५ जुलै

हॉबर्ट,

चोराच्या उलट्या बोंबा! गाळायची सवय तुझ्या आईला होती, आम्हाला नाही. तिनं व्हर्जीला सफरचंदाच्या केकची कृती दिली ती अंड्याशिवाय. नव्या नवरीला! व्हर्जीनं सहा वेळा करून बघितला, आणि तू सहाही वेळा ताटावर बसून "माझ्या आईसारखा नाही" असं म्हणालास. आठवतं का? तेव्हा तुला कोंबड्या आठवल्या नाहीत. तिनं मला तेव्हा लिहिलेलं पत्र माझ्याजवळ अजून आहे.

आता बेरींचं. तू चकचकीत दिसतात त्या तोडल्या असणार. चकचकणारी बेरी कच्ची असते. पिकली की तिची चकाकी जाते आणि बोट लागताच हातात येते. ओढावी लागली तर ती तुझी नाही.

आणि पावसाचं मला सांगू नकोस. त्या कुंपणावर तीस वर्षांत एकदाही बेरी चुकल्या नाहीत. चौपन्नच्या दुष्काळातही व्हर्जीनं अकरा बरण्या भरल्या होत्या. तुझं वाक्य वाचलं आणि परवा जोलेटाला फोन लावला. तिनं सगळं सांगितलं.

हॉबर्ट, तू ट्रॅक्टरला यंत्र जोडून ती सगळी जाळी भुईसपाट केलीस? ऑक्टोबरमध्ये? तिला पुरून पाच आठवडे झाले नाहीत तोच?

इतकी वर्षं शेती केलीस, पण तुझं सगळं लक्ष तंबाखूत. ब्लॅकबेरीची काठी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मग वाळते. तू जे कापलंस ते यंदाचं फळ होतं. दोन्ही टोकांना व्हर्जीनं जुन्या एप्रनच्या चिंध्या बांधल्या होत्या, त्या कशासाठी वाटल्या तुला? तुझा ट्रॅक्टर तिथे थांबावा म्हणून बांधायची ती, दर वर्षी. तुला तोंडानं सांगून उपयोग नसतो हे तिला माहीत होतं.

तिचे कपडेही चर्चला देऊन टाकलेस म्हणे. तिचा हिरवा कोट मला हवा होता. कुणी विचारलं का मला? तुला कुठलीही गोष्ट आहे तशी ठेवताच येत नाही. तव्यातलं पीठसुद्धा नाही.

मला तुझा इतका राग आलाय की पेनाचं टोक दोनदा कागदातून आरपार गेलं. अक्षर लागत नसेल तर लावून घे.

ऑर्फा

---

लॉरेल फोर्क
८ जुलै

ऑर्फा,

हो, कापली. चिंध्या मला वाटलं पक्ष्यांसाठी बांधते. माझं कुंपण, माझा ट्रॅक्टर. मयताला एक दिवस येऊन दुसऱ्या दिवशीच्या बसनं परत गेलेल्या माणसांनी मला शिकवू नये. तू गेलीस, जोलेटा गेली, डेल्फीनं तीन दिवस डबा पाठवला आणि मग तिचंही थांबलं. पुढे इथे कोण होतं? घरात तिचे कपडे होते आणि मी होतो. कोट हवा होता तर मागायचा होतास. मी काय मनकवडा आहे?

कॉब्लरचा नाद सोडला. तिसरा मंगळवारी केला. बाहेर गावातली पोरं फटाके उडवत होती आणि मी ओव्हनपुढे बसलो होतो. पीठ वर येतंय का ते बघायला दार उघडलं, पाच-सहा वेळा उघडलं असेल. मधोमध खड्डा पडला. कडा करपल्या आणि मधे कच्चं. व्हर्जी हे दर उन्हाळ्यात पंधरा-वीस वेळा करायची, आणि ते करताना मला गुणगुणल्याचं ऐकू यायचं. मला मात्र तीन वेळांतच शिव्या संपल्या.

अंड्याशिवायच्या केकचं मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. आई गेली त्यालाही वीस वर्षं झाली, आता कुणावर चिडू? व्हर्जी मला एकदाही बोलली नाही.

डेल्फीच्या जाळीत शेवटची एक बादली उरलीय. शनिवारी ये आणि ने, नाहीतर मी मुरांबा करून टाकते, असं तिनं बजावलंय. तिला करू दे मुरांबा. मी रविवारी दुकानातून बिस्किटांचा पुडा घेऊन जाईन. पोरगी येईल, बघेल आणि जाईल. जायचंच आहे तिला.

यापुढे मी लिहिणार नाही, तूही लिहू नकोस.

हॉबर्ट

ता. क. ओव्हनचं दार नीट लागत नाही, फट राहते. व्हर्जी काय करायची?

---

मन्सी
११ जुलै

हॉबर्ट,

दाराच्या फटीत ती ओला फडका दुमडून घालायची आणि समोर खुर्ची लावायची. फडका दर दहा मिनिटांनी बघ, पेटवून घेऊ नकोस.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. तू मला जे सुनावलंस त्यातलं बसचं खरं आहे. दुसऱ्या दिवशी पाळी होती, पण सांगितलं असतं तर सुट्टी मिळाली असती. मी मागितली नाही. व्हर्जीची खुर्ची रिकामी बघत त्या घरात बसणं मला जमणार नव्हतं. म्हणून पळाले.

दुसरं याहून वाईट आहे. मागे मी तुला लिहिलं की तुमच्या मधे मी पडत नाही. खोटं लिहिलं. जानेवारीत जोलेटानं मला फोन केला होता. रडत होती. म्हणाली, "मावशी, मी डॅडीला फार बोलले. पुढच्या शनिवारी जाऊन येऊ का?" आणि मी म्हणाले, "जाऊ नकोस. ज्यानं तिची वस्तू न् वस्तू दीड महिन्यात बाहेर काढली त्याला कुणाची गरज नाही. राहू दे त्याला एकटा." मला कोटाचा राग होता, हॉबर्ट. एका कोटाचा. तिनं माझं ऐकलं. तू सात महिने मोजलेस, त्यातले निदान सहा माझ्यामुळे आहेत.

यावर तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे आणि मी ते ऐकून घेईन. पण शनिवारी जा आणि ती बादली घेऊन ये. मैदा, साखर, दूध, एक एक कप. बेकिंग पावडर नवीन विकत आण, डब्यावर नाव असलेली. ओतलंस की हात बाजूला घे. हवं तर मांडीखाली घेऊन बस, पण चमचा उचलू नकोस.

ऑर्फा

---

लॉरेल फोर्क
१८ जुलै

ऑर्फा,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. वाचून मी गोठ्यात गेलो आणि अर्धा तास लाकडं फोडली. जुलैत लाकडं कशाला लागतात! तुझ्या जानेवारीतल्या पराक्रमाबद्दल मी जोलेटाला काही बोललो नाही. ते तू सांगायचं आहेस. मला राग आहे आणि तो राहणार आहे. तूही माझा धरून ठेव. पण शनिवारी मी बादली आणली.

रविवारी सकाळी सहाला तवा ओव्हनमध्ये गेला. फटीत फडका, समोर खुर्ची आणि खुर्चीवर मी, हात मांडीखाली. पाऊण तास इतका मोठा असतो हे मला माहीत नव्हतं. पण ऑर्फा, ते वर आलं. मी काहीही केलं नाही आणि ते आपणहून वर आलं. कडांना बेरींचा रस उकळत होता आणि वर तांबूस साय धरल्यासारखं झालं होतं. मी स्वयंपाकघरात एकटाच "हा!" असं ओरडलो.

चर्चच्या आवारात झाडांखाली टेबलं लावली होती. माझा तवा डेल्फीनं स्वतःच्या कॉब्लरशेजारी ठेवून घेतला, आणि गावभर सांगत सुटली की हॉबर्टनं केलाय, चाखा, मेलात तर मी जबाबदार नाही. जोलेटा प्रार्थना संपता संपता आली. वाळलीय. बायकांत बसली. वाढून घेताना माझ्या टेबलाशी आली, तव्याकडे बघितलं आणि तो तिला ओळखू आला. चमचाभर घेतलं आणि तिथेच उभ्यानं खाल्लं.

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तीन आठवडे ज्याच्यासाठी ओरबाडून घेतलं ते आता होणार होतं.

ती म्हणाली, "चांगला झालाय, डॅडी. पण मम्मीचा नाही. बेरी डेल्फीकाकूच्या आहेत. मम्मीच्या बेरी अशा नसतात."

माझं डोकंच फिरलं. सगळ्या गावासमोर मी ओरडलो, "मग मी करायचं तरी काय ते सांग! बेरी नाहीत, नाहीत, नाहीत! मी कापल्या त्या!"

सगळ्यांचे हात थांबले. 

जोलेटा ओरडली नाही. तिनं हळू विचारलं, "का कापल्यास?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं नोव्हेंबरमध्ये विचारलं नाही, तू पत्रात विचारलं नाहीस. तुम्ही दोघींनी मला फक्त काय केलंस ते सांगितलं. आता विचारलं म्हटल्यावर मला सांगता येईना.  पण सांगितलं.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती जाळी दिसायची, तिच्यापलीकडचं काही दिसायचं नाही. सकाळी मी तिथेच बसून कॉफी पितो. ती गेल्यावरही बसायचो. त्या जाळीच्या पायथ्याशी धुक्यात काहीतरी वाकलेलं दिसायचं. मला वाटायचं व्हर्जी आहे. बादली घेऊन बसलीय, आता उठेल, वळेल. मला ठाऊक होतं की नाही, तरी मी बघत बसायचो. कॉफी गार व्हायची. चार-पाच आठवडे रोज सकाळी मी तिच्या उठण्याची वाट बघितली. एका सकाळी ते सहन होईना. म्हणून ट्रॅक्टर काढला. कपड्यांचंही तेच. कपाट उघडलं की ती समोर.

एवढं सगळं मी त्या तव्यासमोर उभा राहून, हातात चमचा घेऊन, पन्नास माणसांत बोललो. माझ्या आयुष्यात मी इतका बोललेलो नाही. आणि रडलो, ते लपवत नाही. डेल्फीनं कुणा कुणाला पत्रं लिहिली असतीलच.

जोलेटा म्हणाली, "हे मला तेव्हाच का सांगितलं नाहीस?"

मी म्हणालो, "तू जेवायलाच बसली नाहीस."

मग ती बसली. ताट घेऊन माझ्या शेजारी बसली आणि त्या तव्यातला निम्मा कॉब्लर तिनं एकटीनं खाल्ला, त्यात मम्मीचं काही नव्हतं तरी. डोळे पुसत खाल्ला. मधेच म्हणाली की मीठ जास्त पडलंय. मी म्हणालो मावशीला सांग, तिची कृती आहे.

डेल्फीच्या घरून तिनं ती काम करते त्या दवाखान्यात फोन केला आणि सोमवारची सुट्टी घेतली. घरी मुक्काम केला. सकाळी मी कॉफी घेऊन नेहमीच्या जागी बसलो, तर ती येऊन व्हर्जीच्या खुर्चीत बसली. मी कॉफीचा दुसरा कप तिच्यापुढे सरकवला. खिडकीबाहेर सगळं सपाट, नुसत्या कमरेएवढ्या हिरव्या काठ्या, आणि त्यांच्यावरून पार वळणापर्यंतचा रस्ता.

"डॅडी," ती म्हणाली, "इथून रस्ता दिसतो आता."

"हो," मी म्हणालो. "नोव्हेंबरपासून बघतोय."

हॉबर्ट